वर्खाचा विसावा भाग

११ मार्च

आत्या,

नमस्कार. माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते: मी ठणठणीत आहे, बाबाही बरे आहेत, आणि मला तुझ्याकडून सोन्याचा वर्ख हवा आहे. फोन केला असता, पण मागच्या वेळी माझ्या फोनच्या घंटीने तुझा हात हलला आणि वर्खाचं पान वाया गेलं, त्याचं तू अजून ऐकवतेस.

तळघरातल्या खोलीत वर्षभर मी काय करते ते घरात कुणालाच धड माहीत नाही. बाबा सगळ्यांना सांगतात, ‘ती मेंदूचं काहीतरी करते.’ मेंदूचं नाही गं, खेकड्याच्या पायाचं. त्या पायात मज्जातंतूंची एक पांढरी जुडी असते, शिवणाच्या दोऱ्याएवढी. एका टोकाला विजेचा हलका धक्का दिला की संदेश दुसऱ्या टोकाकडे धावतो. इथवर शाळेतही शिकवतात. शाळेत सांगत नाहीत ते असं, की संदेश जाताना तो तंतू नुसती वीज वाहून नेत नाही, स्वतः हलतो. संदेश जिथून जातो तिथे तो क्षणभर फुगतो आणि पुन्हा होता तसा होतो. किती फुगतो म्हणशील, तर तुझ्या वर्खाची जाडी घे, तिचे वीस भाग कर आणि त्यातला एक उचल.

माझे सर तीस वर्षं या फुगण्याच्या मागे आहेत. तरुणपणी त्यांनी ‘दिसलं’ म्हणून छापलं आणि मग ते चूक निघालं. कसं, ते त्यांना विचारायची कुणाची छाती नाही. नंतर दुसरीकडच्या लोकांनी ते नीट मोजलं. सरांनी ते सगळे निबंध ओळ न् ओळ वाचून काढलेत. पण स्वतःच्या डोळ्यांनी त्यांनी ते एकदाही पाहिलेलं नाही. जूनच्या तीस तारखेला ते निवृत्त होतात. एक जुलैला आमचं टेबल मोडून खोली दुसऱ्यांना देणार आहेत. त्याआधी सरांना ते दिसायला हवं, बस्स, एवढंच माझं चाललं आहे.

आता वर्ख कशाला? तंतूवर सोन्याचा कपटा आरशासारखा ठेवायचा आणि त्यावर प्रकाश टाकायचा. तंतू फुगला की कपटा उचलला जातो, परत येणारा प्रकाश बदलतो, आणि आमच्या पडद्यावरची रेघ उडी मारते. बाजारातून आणलेला वर्ख माझ्या चिमट्याला चिकटतो, चुरगळतो, परवा तर तो माझ्या भुवईवर सापडला. तू दोन सुट्ट्या मला दुकानात बसवून घेतलंस आणि बाबांना म्हणालीस, ‘हिला शिकू दे, हिच्या हातात सबुरी नाही.’ तर आता सबुरी नसलेल्या हाताने काय करावं तेवढं लिही.

तुझी,
घाई

१७ मार्च

प्रिय घाई,

अनेक आशीर्वाद. तुझं ते विसाव्या भागाचं वाक्य मी चारदा वाचलं. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांसमोर तळहातावर पान ठेवून फुशारकी मारत आले की यापेक्षा पातळ काही दाखवा. आणि इथे एक खेकडा त्याच्या विसाव्या भागाचं काम दिवसभर पाय हलवता हलवता करतो, तेही कुणाला न सांगता. त्या दिवशी दुकानात मी एकाही गिऱ्हाइकाला पान दाखवलं नाही. शेजारच्या शिंपिणीने दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून.

आता ऐक, आणि या वेळी ‘हो हो’ म्हणू नकोस. वर्खाला बोट लावायचं नाही, कधीच नाही. बोट लागलं की वर्ख बोटाचा झाला. चिमटाही फेकून दे. चपटा, मऊ केसांचा कुंचला घे आणि तो आधी स्वतःच्या गालावरून एकदा फिरव. गालाला जे नकळत तेलकटपण असतं तेवढंच त्याला लागतं, त्याहून जास्त नको. मग कुंचला पानाच्या कडेला नुसता टेकव, पान आपण होऊन येईल. कापायचं ते चामड्याच्या गादीवर, आणि सुरी अशी हवी की तिला एकही खाच नाही. खाच असली की पान कापलं जात नाही, फाटतं. पंखा बंद, खिडकी बंद, आणि श्वास नाकाने, बाजूला तोंड करून.

पुढचं मात्र मला ठाऊक नाही. मी पुस्तकांच्या कडांना सोनं लावते. पुस्तक दाबात घट्ट आवळलेलं असतं, त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा हात दिलेला असतो, आणि वर्ख बसला की अकीकाच्या दगडाने घोटून घ्यायचा. तुझी नस ओली आणि जिवंत. तिला घोटता येणार नाही, तेव्हा लावायचं ते एकाच खेपेत. चुकलं तर पुन्हा वर उचलायला जाऊ नकोस, नवी नस घे. बिचारे खेकडे.

सोबत पंचवीस पानांची वही पाठवते आहे. माझ्या रोजच्या वापरातलाच वर्ख आहे.

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. जे इतरांनी पाहिलं ते आपणही पाहावं म्हणून तीस वर्षं बसलेला माणूस मला बघायला आवडेल.

तुझी आत्या

३ एप्रिल

आत्या,

नमस्कार. गाल! मी चार निबंध वाचले, दोन यंत्रवाल्यांना विचारलं, आणि उत्तर माझ्या गालावर होतं. परवा मी कुंचला गालावर फिरवत असताना विभागप्रमुख आत डोकावले. म्हणाले, ‘कुठे लग्नाला निघालात का?’ सर टेबलाखाली वाकून तारा लावत होते. तिथूनच म्हणाले, ‘त्या काम करतायत.’ सर इतक्या कोरडेपणाने बोलतात की समोरच्याला आपण हसलो होतो हेच विसरायला होतं.

आमचा दिनक्रम ऐकशील तर हसशील. या इमारतीत लिफ्ट हलली की आमचं टेबल हलतं. म्हणजे डोळ्यांना काही दिसत नाही, पण विसाव्या भागासमोर ते धरणीकंपासारखं असतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तासभर लिफ्ट जवळजवळ थांबते, तेव्हाच आम्ही मोजतो. म्हणजे सगळे जेवतात तेव्हा आम्ही खेकड्याच्या पायाशी, आणि आमचं जेवण चार वाजता, गार. एका धक्क्यात काहीच कळत नाही, म्हणून एकसारखे हजार धक्के देऊन त्यांची सरासरी काढायची. खोलीची थरथर त्यात आपसात कटून जाते आणि जे खरं असेल तेवढं उरतं.

तुझा वर्ख मात्र बाजारच्यापेक्षा फार समजूतदार आहे. कापला तरी अंग चोरत नाही, ठेवला तिथे राहतो. त्यामुळे मी कपटा जरा मोठाच कापते, हाताला बरं पडतं. अजून रेघ सरळच आहे. पण कपटा बसतो आहे, आत्या, माझ्या हाताने बसतो आहे!

घाई

९ एप्रिल

प्रिय घाई,

आशीर्वाद. कामं फार आहेत म्हणून चारच ओळी. वर्ख समजूतदार असतो असं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कपटा मोठा कापू नकोस. हाताला जे बरं पडतं ते कामाला बरं पडतंच असं नाही. लहान काप, आणि अडलं तर लगेच लिही.

जेवण वेळेवर घेत जा. सरांनाही सांग, या वयात गार अन्न बाधतं.

आत्या

२८ एप्रिल

आत्या! आत्या! आत्या!

आली! रेघेने उडी मारली. मी तीन वेळा सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं, तीनही वेळा आली. सहाशे धक्के होईपर्यंत नुसती केसाळ रेघ होती, आणि मग त्यातून टेकडीसारखी वर आली, स्वच्छ, टोकदार. मी खुर्चीवरून उठले ती पंख्याच्या बटणावर डोकं आपटून घेतलं. अजून टेंगूळ आहे.

सरांना बोलावलं. ते आले, चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ताठ उभे राहिले आणि काही बोललेच नाहीत गं. ‘छान’ एवढं म्हणाले, तेही दाराकडे जाताना. बाहेर जाऊन व्हरांड्याच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी मागे गेले नाही. तीस वर्षांनी मिळालेलं असं एकट्याने बघायचं असतं, माणसाला बोलवत नाही. मलाही रडू येत होतं.

आता थोडी तपासणी उरली आहे, नावापुरती. ती उरकली की लिहून काढायचं. तुझ्या वर्खाने केलं हे, तुझ्या गालाच्या युक्तीने. दुकानात सगळ्यांना सांग!

घाई

४ मे

लाडके घाई,

सांगितलं. शिंपिणीला सांगितलं, टपालवाल्याला सांगितलं, एका गिऱ्हाइकाला सांगितलं ज्याला फक्त आपली वही कधी मिळेल एवढंच हवं होतं. त्याने शेवटी विचारलं, ‘म्हणजे बाई, मी आत्ता विचार करतोय तर माझ्या आत काहीतरी फुगतंय?’ मी म्हटलं, तुम्ही विचार करत असाल तर फुगत असेल.

पण एक विचारू? तुझे सर बोलले नाहीत ते मला जरा लागून राहिलं. मला शिकवणाऱ्या बाईही काम बघून गप्प होत. पण काम उत्तम झालं असेल तर त्या कडेवरून एकदा बोट फिरवत. नुसत्या गप्प राहिल्या की मी घरी जाऊन जेवत नसे. असो. तू तिथे होतीस, मी नव्हते. तुला दिसलं ते खरं.

ती नावापुरतीची तपासणी मात्र नावापुरती करू नकोस.

आत्या

२ जून

आत्या,

नमस्कार. तुझ्या पत्राला चार आठवडे उत्तर दिलं नाही. ‘वेळ नव्हता’ असं लिहिणार होते. वेळ भरपूर होता, तोंड नव्हतं.

ती उडी खोटी होती.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तपासणी केली. दाताचे डॉक्टर देतात तसलं बधिर करणारं औषध तंतूवर घातलं. संदेश बंद झाला, दुसऱ्या टोकाशी काही पोचेना. आणि वर्ख? वर्खाने तशीच उडी मारली, टोकदार, स्वच्छ. बधिर तंतू कशाला फुगेल? मग मी विजेच्या तारा उलट लावल्या, तर टेकडीचा खड्डा झाला. मग एकदम डोळ्यांवरचं झापड गेलं. उडी धक्क्याच्या त्याच क्षणी येत होती. संदेशाला धक्क्यापासून वर्खापर्यंत धावत यायला काही वेळ लागतो, म्हणजे उडी जराशी उशिराच यायला हवी होती. पहिल्या दिवशीच्या पडद्यावरही ते ढळढळीत होतं. मी आनंदात टेंगूळ चोळत बसले होते. वर्खाला तंतू उचलत नव्हता, विजेचा धक्काच त्याला हिसका देत होता.

तीन आठवडे मी सरांना सांगितलं नाही. ते रोज विचारायचे, ‘आज काय?’ मी म्हणायची, ‘पुन्हा मोजते आहे.’ त्यांना व्हरांड्यात तसं उभं राहिलेलं पाहिल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार? जूनअखेर गप्प बसावं, ते आनंदात घरी जातील, असंही मनात येऊन गेलं. हे मी फक्त तुला लिहिते आहे.

शेवटी २९ तारखेला सांगितलं. सगळे कागद त्यांच्यासमोर मांडले आणि माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं, खालचा खण उघडला आणि दोन जुने छापील कागद काढले. एक त्यांचा तीस वर्षांपूर्वीचा निबंध. त्यातलं चित्र मी माझ्या कागदाशेजारी ठेवलं. तीच टेकडी, तेच टोक. दुसरा कागद दोन महिन्यांनंतरचा, अर्ध्या पानाचा, त्यांच्याच सहीचा: मी छापलेलं मज्जातंतूचं फुगणं नव्हतं, तारांची ओढ होती, चूक माझी आहे.

आत्या, त्यांना कुणी पकडलं नव्हतं! त्यांनी स्वतः शोधलं आणि स्वतः जगाला सांगितलं. मी म्हटलं, मग लोक असं का बोलतात, की यांचं चूक निघालं? तर म्हणाले, ‘चूक सापडलेला आणि चूक सांगितलेला, यांत फरक करत बसायला लोकांना सवड नसते.’

मग मला उमगलं. म्हटलं, ‘सर, पहिल्याच दिवशी तुमच्या लक्षात आलं होतं.’ म्हणाले, ‘चष्मा पुसल्यावर लगेच.’ ‘मग बोलला का नाहीत?’ म्हणाले, ‘व्हरांड्यात उभा राहून तेच ठरवत होतो. मी सांगितलं असतं तर ती मला सापडलेली चूक झाली असती. तुम्हाला सापडली, म्हणजे आता माझ्याशिवाय तुमचं अडणार नाही.’ मी विचारलं, नसती सापडली तर? ‘एक जूनला सांगणार होतो. कॅलेंडरवर खूण केली आहे.’ खरंच केली होती, पेन्सिलने.

मी त्यांच्याविषयी काय काय समजून बसले होते, आणि हा माणूस केवढा निघाला! मी आयुष्यात इतकी लाजले नाही आणि इतकी निवांतही झाले नाही.

आता खरं कोडं. सरांना वाटतं, कपट्याची कड तारेपर्यंत पोचत असणार. पण त्यांना कळत नाही ते हे, की सोन्याचं पान इतकं पातळ असताना ते ताठ राहून तारेपर्यंत पोचतंच कसं. कडा ओल्या तंतूवर लवून बसायला हव्या होत्या. तुला काही सुचतं?

अठ्ठावीस दिवस आहेत.

घाई

७ जून

घाई,

सुचायला कशाला हवं, मला ठाऊकच आहे. तो वर्ख दुहेरी होता.

आमच्या धंद्यात नवशिक्याला एकेरी पान देत नाहीत. दोन पानं एकावर एक घालून हलकेच दाबायची, वहीत ठेवायची आणि काही बोलायचं नाही. पान दमदार होतं, ताठ राहतं, हाताचं ऐकतं, पोराला वाटतं आपल्याला जमलं. मग पाच-सहा महिन्यांनी हळूच एकेरी द्यायचं. माझ्या बाईंनी मलाही असंच फसवलं होतं आणि ते कळल्यावर मी दोन दिवस रुसून बसले होते. ‘रोजच्या वापरातलाच वर्ख’ असं मी तुला लिहिलं ते खोटं होतं. तू ‘समजूतदार’ म्हणालीस तेव्हाच सांगायला हवं होतं. ‘कपटा लहान काप’ म्हणून मी वेळ मारून नेली.

पुस्तकाच्या कडेला दुहेरी वर्खाने काही बिघडत नाही. तुझ्या नसेचं तसं नाही हे माझ्या डोक्यात आलंच नाही. वर्खाच्या विसाव्या भागाने जी हलते तिच्या डोक्यावर मी आणखी एक वर्ख ठेवला. ती काय उचलणार? मी तुझ्या हाताची काळजी केली आणि तिच्या पाठीवर ओझं दिलं. तुझे तीन महिने माझ्यामुळे गेले. सरांचेही, आणि त्यांच्याकडे शिल्लक तेवढेच होते. मला फार वाईट वाटतं आहे.

सोबत पन्नास पानं, एकेरी. दिव्यासमोर धर, हिरवट उजेड आरपार दिसेल. दुहेरीतून इतका दिसत नाही. मी येऊन लावून देऊ शकते, सकाळच्या गाडीने निघाले तर दुपारी तिथे. काल पिशवीही भरली होती. पण ती पुन्हा रिकामी केली. मी आले तर पुन्हा दुहेरी वर्ख दिल्यासारखंच होईल.

हे पत्र सरांना वाचायला दे. माझं अर्धं पान समज.

आत्या

२८ जून

आत्या,

नमस्कार. बस, आणि हातातलं काम बाजूला ठेवून वाच.

तुझं पत्र सरांनी दोनदा वाचलं. घडी घालून त्या खालच्या खणात ठेवलं, त्यांच्या अर्ध्या पानाच्या शेजारी. मग म्हणाले, ‘चला, एकेरी.’

बारा दिवस मी पन्नासातली चव्वेचाळीस पानं फाडली. दुहेरी हे वर्खाचं नाटक होतं, खरा वर्ख हा! नुसतं बघितलं तरी थरथरतो. गालावर कुंचला फिरवून फिरवून गाल लाल झाला. पंचेचाळिसावं पान मात्र मी कापलं तेव्हा मला घाई नव्हती. कशी कोण जाणे. तिळाएवढा कपटा उचलला, टेकवला, आणि तो तंतूवर असा बसला की जणू तिथलाच होता. हे आजच, जेवणाच्या सुट्टीत. बाहेर दोन माणसं आमच्या खोलीत कपाटं मावतील का ते बघायला टेप घेऊन उभी होती.

हजार धक्के झाले. धक्क्याच्या क्षणी रेघ सरळ, अगदी सरळ. आणि मग, जराशी थांबून, एक बारीकसा उंचवटा. टोकदार नाही, बुटका, गोल. सर म्हणाले, ‘तारा उलटवा.’ उलटवल्या. उंचवटा तिथेच, वरच्याच बाजूला. ‘बधिर करा.’ औषध घातलं. उंचवटा खाली खाली गेला आणि आठव्या मिनिटाला रेघ सपाट झाली. आता एकच राहिलं होतं, औषध धुऊन काढायचं आणि तंतू शुद्धीवर आल्यावर उंचवटा परत येतो का बघायचं. तो परत आला तरच सगळं खरं, कारण नुसतं नाहीसं होणं म्हणजे तंतू मेलाही असेल. त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आणि पंधराव्या मिनिटाला जेवणाची सुट्टी संपली.

लिफ्ट सुरू झाली. पडद्यावरची रेघ वेडीवाकडी नाचायला लागली. दुसरा तंतू तयार करायला दोन दिवस, त्यावर असा कपटा बसायला आणखी किती कोण जाणे, आणि तोवर टेबल राहत नव्हतं.

सर उठले, आपली खुर्ची उचलली आणि चालू पडले. मला वाटलं, संपलं. मग बाहेरून आवाज ऐकू यायला लागले. जाऊन बघते तर सरांनी खुर्ची लिफ्टच्या दारात घातलेली, त्यावर स्वतः बसलेले, हाताची घडी. ज्या माणसाने तीस वर्षांत कुणाला ‘जरा सरका’ म्हटलं नाही तो माणूस! समोर सात-आठ जण, पुढे विभागप्रमुख, पाचव्या मजल्यावर जायचंय म्हणून. सर म्हणाले, ‘जिन्याने जा. दहा मिनिटं.’ ‘पण का?’ ‘आत एक तंतू शुद्धीवर येतोय.’

मी खोलीकडे पळाले, आणि दारातच थबकले. उंचवटा आला तर तो मी बघणार, आणि सर इथे दार अडवून बसणार. ते उठले की लिफ्ट हलणार. म्हणजे तीस वर्षांनी, दोन दिवस उरलेले असताना, पुन्हा दुसऱ्याच कुणीतरी बघणार.

मी परत गेले. म्हटलं, ‘सर, उठा, मी बसते.’ ते म्हणाले, ‘काम तुमचं आहे. बघायचं तुम्ही.’ मी म्हटलं, ‘मला नंतरही दिसेल, मला पुष्कळ वर्षं आहेत. उठा म्हणते ना!’ आत्या, मी सरांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं, सगळ्यांच्या देखत, आणि त्या खुर्चीवर बसले. ते आत गेले.

मी तिथे तेरा मिनिटं बसले. विभागप्रमुख समोर उभेच होते, जिन्याकडे काही गेले नाहीत. पहिल्यांदा घड्याळ बघत होते, मग घड्याळ बघायचे थांबले. मला आतलं काहीच दिसत नव्हतं.

मग सर दारात आले. चष्मा हातात होता. त्यांचा चेहरा कसा होता ते मला लिहिता येत नाही. कुणाकडे न बघता ते म्हणाले, ‘आला परत. मला वाटलं होतं तसा नाही. फार शांत आहे.’

विभागप्रमुखांनी हळूच विचारलं, ‘मीही बघू का?’ आणि सर बाजूला होऊन त्यांना वाट देत म्हणाले, ‘या, पण पाय न वाजवता.’

मी खुर्चीवरून उठले नाही. सगळे एकेक करून बघून आले, मगच मी बघितला.

घाई

९ जुलै

माझे गुणी बाई,

तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. लिफ्टच्या मजकुराशी आले आणि खाली बसले. तू त्यांना उठवलंस, हे फार चांगलं केलंस. मी असते तर आत धावले असते, अगदी खरं सांगते.

सरांना सांग, माझ्याकडे त्यांना बसायला खुर्ची आहे आणि ते केव्हाही येऊ शकतात. आणि तू, तुझ्या हाताविषयी मी तुझ्या बापाला जे सांगितलं होतं ते मी मागे घेतलं आहे. काल त्याला तसं पत्रच टाकलं.

आता माझं. सरांचं ते अर्धं पान काही केल्या माझ्या डोक्यातून जात नव्हतं. सात वर्षांपूर्वी मी मोठ्या ग्रंथालयाच्या नकाशांच्या ग्रंथाची कड सोनेरी केली होती. कुणी पाहुणा आला की ग्रंथपालबाई त्याला तो ग्रंथ काढून दाखवतात आणि मी तिथे असले तर माझ्याकडे बोट करतात. ती कड मी नीट तासली नव्हती. मधली तीन पानं खाली दबलेली राहिली. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा निम्मं सोनं लागलं होतं. मी त्या जागी वर आणखी एक वर्ख दिला, वाजवीपेक्षा जास्त घोटला, आणि दिलं पाठवून. तेव्हापासून त्या बाई बोट करतात आणि मी हसते.

सोमवारी गेले आणि सांगितलं. बाईंनी ग्रंथ काढला, उजेडात धरला, कडेवरून दोनदा बोट फिरवलं. म्हणाल्या, ‘कुठे? मला तर काहीच लागत नाही. कुणाला कधीच कळलं नसतं.’ मी जागा दाखवली तरी त्यांना दिसेना. देतच नव्हत्या, मी जवळजवळ हिसकावून आणला.

आज सकाळी तो दाबात आवळला आणि खरवडायला घेतला. चांगलं घोटलेलं सोनं सहज सुटत नाही, दुपार झाली. आत्ता वरचा थर निघाला, मग खालचा, आणि ती तीन पानं दिसली, मी सोडली होती तिथेच.

तुझी आत्या